गोलामागचा माड

गुरुवारी दुपारी मी सरावाला निघालो होतो. रेल्वेचं फाटक उघडलं आणि समोरचं आभाळ मला एका जागी जरा जास्तच मोकळं वाटलं. काय कमी झालंय ते लगेच कळेना. स्कूटर चालू ठेवून मी रुळांच्या मधोमध थांबलो, तसा मागचा मासळीचा टेंपो बोंबलायला लागला. "अहो पात्रांव, रुळांचे मालक, मरायचं असेल तर बाजूला होऊन मरा. माझी कोळंबी तापतेय." मी बाजूला झालो. मैदानाची भिंत जागेवर होती, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात होती, पलीकडे माडांची रांग होती, आणि रांगेत पडलेल्या दाताएवढी फट होती. उत्तरेच्या गोलामागचा माड कुणीतरी तोडला होता. मैदानात नवे दिवे लावायचेत आणि खांबाला जागा हवी होती, असं नंतर माळ्याने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच जाणवलं की पायांखालची जमीन किंचित हलतेय, होडीतून उतरल्यावर धक्क्यावरही हलते तशी.

आता गोव्यात माडांना काय तोटा, एक गेला तर गेला, असं कुणीही म्हणेल. पण मी सोळा वर्षं गोलकीपर आहे, आणि गोलकीपरचं दुखणं निराळं असतं. त्याला ज्याची राखण करायची ते त्याला कधी दिसत नाही. ते सतत पाठीशी असतं. चेंडूवर नजर ठेवून पुढे-मागे होता होता तो हातभर डावीकडे सरकतो, त्याला वाटतं आपण मधोमध आहोत, आणि उजव्या खांबाजवळून चेंडू आत जातो. म्हणून प्रत्येकजण काहीतरी खूण धरतो. कुणी टाचेने मातीत रेघ ओढतो, कुणी दर वेळी मागे जाऊन खांबाला हात लावून येतो. मी दक्षिणेच्या गोलात असलो की समोर बघायचो. पलीकडच्या गोलाच्या आडव्या दांडीवर तो माड उगवून आल्यासारखा दिसायचा, शेंडा नदीकडे कललेला. दांडीच्या मधोमध माड दिसला की मीही माझ्या गोलाच्या मधोमध. चेंडू लांब असताना, ऊन उतरत असताना, बगळे मैदानाच्या कोपऱ्यात निवांत चरत असताना मी त्या माडाकडे बघत किती तास काढलेत कुणास ठाऊक. गोलकीपरचा बहुतेक वेळ असा काहीही न घडण्यात जातो. लोकांना उडी तेवढी दिसते. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की तोच माड माझ्या पाठीशी यायचा. मग तो दिसायचा नाही, ऐकू यायचा.

कारण त्या माडावर माझे पप्पा असायचे. कायतान रेंदेर. भिंतीपलीकडच्या बागेतले बावीस माड त्यांनी सूर, म्हणजे ताजी माडी, काढायला घेतले होते, आणि रेंदेराला दिवसातून तीनदा माडावर चढावंच लागतं, सकाळी, दुपारी आणि ऊन कलल्यावर. आमचे सामने चारला सुरू व्हायचे. दुसरा डाव सुरू होईस्तोवर पप्पा फिरत फिरत गोलामागच्या माडावर पोचलेले असत. कमरेला कोयता, पाठीला दुधी भोपळ्याचं भांडं, अंगावर लंगोटीपेक्षा थोडं जास्त. वर बसून ते पोय ठोकत. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कोयत्याच्या मुठीने हलके हलके ठोकून मऊ करावी लागते, तेव्हा ती पाझरते. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत होतो. ठक, ठक. साळ स्पोर्टिंगकडून मी पहिला सामना खेळलो तेव्हा विसाचा होतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बंदरावरच्या क्लबचा एक आडदांड गडी एकटाच चेंडू घेऊन माझ्यावर चालून आला. मला काही दिसेना. त्याचे गुडघे तेवढे दिसत होते. तेवढ्यात वरून दोन ठोके आले, ठक ठक, स्वच्छ, एकापाठोपाठ एक. मी उजवीकडे झेपावलो आणि चेंडू पोटाशी आला. पडल्या पडल्या मला वाटलं, पप्पांना वरून सगळं दिसतं. त्यांनी मला सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर ते अंगणात बसून पावाचा तुकडा रश्शात बुडवत होते. मी म्हणालो, "पप्पा, तुम्ही ठोकलंत ना आज?" ते हसले. दात कमी आणि हसू जास्त असा त्यांचा चेहरा होता. "ठोकायला नको? मी माझं काम केलं, तू तुझं केलंस. जेव आता." पुढे विचारायची गरजच उरली नाही. आम्हा दोघांत ते ठरलं असं मी धरून चाललो. एक ठोका डावीकडे, दोन ठोके उजवीकडे. नऊ मोसम ते चाललं. वर्तमानपत्रात यायचं की इनासला चेंडू कुठे जाणार ते आधीच कळतं. आमचे कोच आर्मांद सर नव्या पोरांना म्हणायचे, "इनासकडून उडी शिकू नका, उडी सगळे मारतात. त्याचं ऐकणं शिका." ते म्हणजे खेळ ऐकणं, पण मला दर वेळी घाम फुटायचा. पैसे खाणारे रेफरी मी पाहिलेत, वय लपवणारे खेळाडू पाहिलेत, आणि त्यांना मनातल्या मनात हसलोय. पण बापाला झाडावर बसवून खेळणारा गोलकीपर माझ्याशिवाय कुणी नसेल. चर्चमध्ये कबुलीला गुडघे टेकले की बाकीची सगळी पापं पटापट सांगून व्हायची, हे एक जिभेवर यायचं आणि परत जायचं. पाद्री स्वतः आमच्या क्लबचा भक्त होता, हेही एक कारण.

पप्पा गेले त्याला सात वर्षं झाली. माडावरून पडून नव्हे, रेंदेर पडून मेला की लोकांना बरं वाटतं, गोष्ट पुरी झाल्यासारखं. ते तापाने गेले, अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्यामागे ते माड कुणी घेतले नाहीत. त्यानंतरही मी खेळत राहिलो. थोडे जास्त गोल खायला लागलो. लोक म्हणाले वय झालं, आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. खरं मला माहीत होतं. दुसऱ्या डावात चेंडू घेऊन कुणी अंगावर आला की माझा कान आपोआप वर जायचा, झावळ्या सळसळायच्या, कधी एखादा वाळका नारळ आपटायचा, आणि त्यातून मी एक की दोन ते काढायचो. निम्म्या वेळा ते बरोबर यायचं. माड तिथे होता तोवर पप्पांचं काहीतरी वर शिल्लक आहे अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर माझं घर चाललं होतं.

गुरुवारी सरावात उत्तरेच्या गोलात मी उभा राहिलो. पाठीशी इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चार गोल गेले, त्यातला एक तर माझ्या दोन पायांमधून. आर्मांद सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा स्वभाव असा की वाईट बातमी ते दुसरीकडे बघत सांगतात. मैदानाकडे बघत ते म्हणाले, "इनास, क्लबचा करार आलाय. अजून एक वर्ष. मी तुझं नाव घातलंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. रविवारी मॅचच्या आधी सांग. उभा राहतोस, की हातमोजे ठेवतोस? ठेवलेस तरी नोकरी आहे तुला, क्लब चालवणाऱ्या कंपनीच्या गोदामात."

"तुम्हाला काय वाटतं सर?"

"मला वाटून काय उपयोग? गोलमध्ये तू असणार."

बुधवारी विचारलं असतं तर मी उभा राहतो म्हणालो असतो. मला अजून एक वर्ष हवं होतं. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं, दुसरं काही मी कधी मागितलंच नव्हतं. पण त्या दोन रात्री झोपेच्या काठावर एकच गोष्ट परत परत यायची. मी गोलमध्ये उभा आहे, समोरून कुणीतरी येतंय, आणि माझे हात माझे नाहीत. ते कुणाच्या तरी दोरीवर आहेत आणि दोरी वर कुठेतरी कापली गेली आहे. नऊ वर्षं कोण खेळलं? मी, की माडावरचा माणूस? तो माणूसच नाही, तर आता रविवारी लोकांच्या पैशावर तिथे कोण उभं राहणार?

शुक्रवारी सकाळी पाव घेऊन फिलू आत आली. ती माझी बायको, तिला फुटबॉलचं काही कळत नाही आणि माझं सगळं कळतं. म्हणाली, "चार गेले म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पाववाला. मडगावात पाव आणि तुझे गोल एकदमच पोचतात. झालंय काय तुला?"

"मैदानामागचा माड तोडला."

"मग? नारळ विकत आणू."

मी हसलो नाही म्हणून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चहा पुढे सरकवला आणि म्हणाली, "पप्पांचा?" मी मान हलवली. ती थोडा वेळ पावाची टोपली उगीच आवरत बसली. मग म्हणाली, "बोस्त्यांव काकांना भेटून ये. त्यांनाही वाईट वाटलं असेल. त्यांचा पायही आता धड नाही." माझ्या मनात वेगळंच होतं. जिवंत माणसांपैकी एकालाच हे सांगण्यासारखं होतं आणि तो बोस्त्यांवच होता. पप्पांचा जोडीदार, शेजारच्या बागेतले माड त्याच्याकडे होते. बाप झाडावरून काय करत होता ते त्याने पाहिलं असणारच.

शनिवारी दुपारी गेलो. साळ नदीच्या काठी त्याची झोपडीवजा खोली आहे, आत पिंपांतून शिर्का मुरत ठेवलेला, त्याचा आंबट वास डोळ्यांत जातो. बोस्त्यांव बाकावर पाय पसरून बसला होता. मी समोर बसलो आणि जे पाद्र्याला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. एक ठोका, दोन ठोके, नऊ मोसम. म्हणालो, "काका, मी चोर आहे. उद्या कोचला नाही म्हणून सांगणार आहे." तो ऐकत होता, तोंड हळूहळू उघडं पडत होतं, आणि मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसला, शेवटी मी उठून त्याला पाणी दिलं.

"तुझा बाप? खुणा?" तो म्हणाला. "अरे बाबा, त्याला झाडाखालचं कुत्रं दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तू क्लबात गेलास त्याच्या आधीपासून. चेंडू कसला दिसतोय तिथून, त्याला मैदान हिरवं की लाल ते सांगता आलं नसतं. मला फेस्ताच्या दिवशी चर्चात सायबिणीच्या मूर्तीसमोर शपथ घातली होती, पोराला सांगू नको, खाली उतरवेल मला. झाड डोळ्यांनी चढत नाहीत, पायांनी चढतात, म्हणायचा."

"पण ठोके..."

"पोय ठोकायची असते, बाबा. रेंदेराच्या पोटचा ना तू? एका पोयीला शंभर ठोके पडतात. तू त्यातले दोन मोजलेस आणि उडी मारलीस. मेल्या, पोय ठोकताना कोण मोजतो? आणि तुला सांगू, चढायच्या खाचा मैदानाच्या अंगाला होत्या. माड नदीकडे कललेला, माणूस वरच्या अंगानेच चढणार. तुझ्या बापाची पाठ असायची तुझ्याकडे." माझा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं असावं. "मग सगळं तूच केलंस की. चांगलंच झालं. रडतोस कशाला?"

मला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. पिंपांच्या आंबट वासात बसून मी नऊ वर्षांच्या उड्या एकेक करून आठवत होतो, आणि प्रत्येकीत वर झावळ्यांत एक माणूस माझ्याकडे पाठ करून आपलं काम करत होता. चोर नव्हतो, हे ठीक. पण मी तर सोळा वर्षं कुणालातरी दाखवण्यासाठी खेळत होतो. टाळ्या वाजत तेव्हा मी कधी प्रेक्षकांकडे बघितलं नाही. पहिला डाव संपत येताना समोरच्या शेंड्यात एक काळा ठिपका हलताना दिसला की आजचा दिवस नीट जाईल असं वाटायचं. आता तो ठिपकाही काढून घेतला गेला. निघताना बोस्त्यांव दारापर्यंत लंगडत आला. "एक मात्र होतं," तो म्हणाला. "त्या माडावरून तो लवकर उतरायचा नाही. माझे सगळे होऊन मी खाली बिडी ओढत बसायचो. मी म्हणायचो, म्हातारा झाला, दमतो."

घरी जायचं म्हणून निघालो आणि स्कूटर मैदानामागे गेली. माड अजून तिथेच होता. भिंतीच्या कडेने कापायला टेकूंवर आडवा ठेवलेला, झावळ्या तोडून नेलेल्या, दोन करवतवाले सावलीत जेवण उघडून बसलेले. त्यांना मी ओळखत नव्हतो, त्यांनी मला ओळखलं. "उद्या जिंका," एकजण घास चावत म्हणाला. मी खोडाच्या बुंध्याशी गेलो. माझ्याकडच्या अंगाला चढायच्या खाचा होत्या, एक डावी एक उजवी, पावलांनी गुळगुळीत झालेल्या. बोस्त्यांव म्हणाला तसंच, मैदानाची बाजू. मी त्यांच्यावर बोटं फिरवत खोडाच्या कडेने चालू लागलो. सबंध आयुष्य ज्या माडाकडे मान वर करून पाहिलं तो आता माझ्या कमरेएवढा होता, आणि मी कबरीवर चालल्यासारखा हळू चालत होतो. बऱ्याच पुढे गेल्यावर, शेंड्यापासून दोन-तीन माणसं खाली असेल, माझा हात सहज खोडाच्या दुसऱ्या अंगाला लागला आणि तिथेही खाच लागली.

मी वळसा घालून पलीकडे गेलो. नदीच्या अंगाला, माड ज्या बाजूला झुकलेला त्या लोंबत्या अंगाला, दोन खाचा होत्या. एकीवर एक नव्हेत. शेजारी शेजारी. चढायला अशा खाचांचा उपयोग नाही. कोणताही शहाणा रेंदेर त्या बाजूला पाय ठेवणार नाही, तिथे अंगाखाली झाड नसतं, नुसती हवा असते. तिथे फक्त उभं राहता येतं, खोडाला मिठी मारून. आणि उभं राहिलं की तोंड मैदानाकडे होतं. वीत-दीड वीत पुढे आणखी दोन. मग आणखी. माड वाढत गेला तसा कुणीतरी दर मोसमाला नवी जोडी खणली होती. मी मोजल्या. नऊ होत्या. पहिल्या सरळ आणि खोल, कसबी हाताच्या. सातवी जरा तिरकी. आठवीत कोयता दोन-तीनदा भलतीकडेच बसला होता. नववीच्या दोन खाचा तर एकमेकींच्या पातळीतही नव्हत्या, भोवती चुकलेल्या घावांची जाळी झाली होती, चाचपत चाचपत केलेल्या. त्यापुढे शेंड्यापर्यंत माझ्या उंचीएवढं कोरं खोड होतं.

दिसत काहीच नव्हतं. तरी ते काम आटपून, धोक्याच्या बाजूला पाय रोवून, माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे. काय करत असतील? ऐकत असतील. लोक ओरडले की कळत असेल, आणि कुठल्या बाजूचे ओरडले तेही. मी त्या नवव्या जोडीत दोन्ही हात ठेवले. खाचा पावलांच्या मापाच्या होत्या, माझे पंजे त्यांत बसले. मग मला रडू आलं, चांगलं मोठ्याने, करवतवाल्यांनी जेवण थांबवलं इतकं. एकजण जवळ आला आणि नरमाईने म्हणाला, "पात्रांव, आम्हाला कापायचंय. ओंडके करून शेतात ओहोळावर साकव घालणार आहेत." मी बाजूला झालो. म्हणालो, "कापा. साकवाला मजबूत आहे."

रविवारी आर्मांद सर बुटांच्या नाड्यांकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "उभा राहतो सर." ते बरं म्हणाले आणि पाणी आणायला सांगून निघून गेले. पहिल्या डावात मी टाचेने मातीत रेघ ओढली, सोळा वर्षांत पहिल्यांदाच. समोरच्या दांडीवर नुसतं आभाळ होतं आणि त्यात काही शोधायचं मला सुचलं नाही. दुसऱ्या डावात उत्तरेला आलो. पाठीशी शांतता. ऊन पिवळं झालं होतं, बगळे उडून गेले होते, धुळीत सगळं लांबचं वाटत होतं. आमचा एकच गोल होता आणि शेवटची काही मिनिटं उरली होती, तेव्हा त्यांचा एक पोरगा आमच्या दोघांना चकवून एकटा सुटला. तो येत होता आणि मला त्याचे गुडघे दिसत होते. कान वर गेला नाही. माझं मीच डावीकडे गेलो आणि चेंडू छातीशी घेऊन मातीत पडलो.

लोक ओरडले. आमचे गडी पुढे धावत होते, हात वर करून चेंडू मागत होते. मी उठलो आणि जे कुठलाही गोलकीपर करत नाही ते केलं, मैदानाकडे पाठ केली. भिंतीपलीकडे फट होती, फटीत संध्याकाळचं आभाळ. चेंडू वर धरून दाखवण्यात अर्थ नव्हता. तो डाव्या काखेत घेतला, उजवा मोजा दातांनी ओढून काढला आणि मूठ वळून गोलाच्या लाकडी खांबावर दोनदा ठोकलं, वरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोराने.